भागाकारावर उडणारे विमान

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर ते मुरबाड या गावांमधले हवाई अंतर सुमारे २३ किलोमीटर भरते. विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरला तर प्रवासाला लागणारा वेळ पावणेतीन मिनिटे. कोणत्याही दोन गावांची नावे दिली की असले उत्तर आता क्षणात मिळते आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. फार तर 'अहो, पण विमानतळ आहे कुठे?' असे विचारून लोक हसतात. माझी हरकत त्यापुढची आहे. उद्या शहापूरच्या आणि मुरबाडच्या माळावर एकेक धावपट्टी तयार झाली, तरी हे उत्तर चूकच राहील, आणि चौपटीने चुकेल. चूक हिशेबाच्या पद्धतीत आहे. तीच पद्धत सरकारी योजनेत आहे, विमानतळ मागणाऱ्या निवेदनांत आहे आणि मुरबाड रस्त्यावरच्या प्लॉटच्या फलकांवरही आहे, म्हणून तिचा समाचार घ्यायला हवा.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. तो असा: पृथ्वीच्या पाठीवरील दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर म्हणजे महावृत्ताचा कंस. रस्ता डोंगराला वळसा घालतो, रेल्वे चढ टाळत जाते, नदी दोघांनाही अडवते. विमानाला यातले काहीच आड येत नाही. म्हणून हवाई अंतर हेच खरे अंतर. त्याला वेगाने भागले की वेळ मिळतो. अंतर जितके कमी तितका वेळ कमी, म्हणून जवळजवळच्या गावांना छोटे विमानतळ दिले तर ती एकमेकांच्या अंगणात येतील, आणि ज्या भागात विमानतळ नाही तो भाग मागास राहील. या मताला शासकीय शिक्काही मिळालेला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'उडान' योजनेत सुमारे ५०० किलोमीटरचा, म्हणजे एका तासाचा हवाई प्रवास २,५०० रुपयांत, असे समीकरण सांगितले गेले. एक तास म्हणजे ५०० किलोमीटर. मग अर्धा तास म्हणजे २५०, पाव तास म्हणजे १२५. शाळेतल्या त्रैराशिकाने एवढे कोणालाही करता येते.

या मतात खरे किती आहे तेही मान्य करून टाकतो. मुंबई ते न्यूयॉर्क या प्रवासाला हा भागाकार बऱ्यापैकी लागू पडतो. पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणात वीस-पंचवीस मिनिटे इकडेतिकडे झाली तर हिशेबात दिसतही नाहीत. अडचण टप्पा आखूड झाल्यावर सुरू होते, कारण विमानप्रवासाच्या वेळेचे दोन भाग असतात. एक भाग अंतराबरोबर वाढतो. दुसरा भाग अंतर कितीही असो, तेवढाच राहतो: धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, वर चढणे, वळणे, खाली येणे, उतरण्याच्या रेषेत येणे, पुन्हा सरकत फलाटाला लागणे. भागाकार पहिलाच भाग मोजतो. टप्पा हजारो किलोमीटरचा असेल तर दुसरा भाग नगण्य. टप्पा शे-दीडशेचा असेल तर दुसरा भागच प्रवास असतो.

आता आपल्या दोन तालुक्यांच्या काल्पनिक धावपट्ट्यांकडे येऊ. विमान खाली येण्याचा एक ठोकळ नियम वैमानिक वापरतात: दर १,००० फूट उतरायला तीन सागरी मैल. १०,००० फुटांवरून खाली यायचे तर ३० सागरी मैल, म्हणजे ५५ किलोमीटर हवेत. शहापूर–मुरबाड अंतराच्या दुपटीहून हे जास्त झाले. तेव्हा विमान एवढे वर जाणारच नाही, खालूनच जाईल, असे कोणी म्हणेल. पण किती खालून? उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानासाठी विमानतळाभोवतीच्या २५ सागरी मैलांच्या, म्हणजे ४६ किलोमीटरच्या घेऱ्यात किमान सुरक्षित उंची ठरवलेली असते. त्या घेऱ्यातल्या सर्वांत उंच अडथळ्यावर किमान १,००० फूट मोकळे राहिले पाहिजेत. शहापुरापासून माहुलीचा गड हाकेच्या अंतरावर, तो ८५० मीटरच्या पुढे. पण खरी अट घालील ती कळसूबाई. महाराष्ट्रातले ते सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर, शहापुरापासून सरळ रेषेत सुमारे ४३ किलोमीटरवर, म्हणजे घेऱ्याच्या आतच आहे. मुरबाडच्या घेऱ्यात हरिश्चंद्रगड येतो, तोही १,४०० मीटरच्या पुढचा. पूर्वेच्या बाजूने ढगांत येणाऱ्या विमानाला शहापुरात सहा-साडेसहा हजार फुटांच्या खाली येण्याची मुभाच नसेल. शिवाय उतरताना शेवटचे काही मैल विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत असावे लागते. ही शेवटची रेघ दहा सागरी मैलांची धरली तर १८ किलोमीटर तिच्यातच गेले. २३ पैकी उरले पाच. तेवढ्यात वर चढायचे आणि वळायचे.

सगळे जुळून आले तरी हवेतच दहा-बारा मिनिटे जातील. पावणेतीन मिनिटांत विमानाची चाके जेमतेम आत जाऊन पुन्हा बाहेर यायची.

हा दाखला काल्पनिक होता. खरा दाखला शहापूरच्या डोक्यावर आहे. मुंबई विमानतळ ते नाशिकजवळचे ओझर, हे हवाई अंतर सुमारे १५८ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवून ही दोन ठिकाणे जोडली तर रेषा तानसा आणि आटगाव यांच्या मधून, शहापूर गावाच्या पश्चिमेला सहा-सात किलोमीटरवरून जाते आणि कसाऱ्याला जवळजवळ चाटून वर चढते. म्हणजे ती रेल्वेच्याच सोबतीने जाते म्हणा ना. एटीआर जातीचे पंखेवाले विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते. भागाकार म्हणतो, १९ मिनिटे.

पण विमान त्या रेषेवरून जात नाही. विमान वाऱ्याला तोंड देऊन उडते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा समुद्राकडून असतो, म्हणून उड्डाण पश्चिमेकडे होते. ईशान्येला नाशिकला निघालेला प्रवासी सर्वांत आधी जुहूची चौपाटी आणि अरबी समुद्र पाहतो, मग वळतो. ओझरची धावपट्टीही पूर्व-पश्चिम. तिथेही वारा पश्चिमेचा असेल तर मुंबईहून, म्हणजे नैर्ऋत्येकडून आलेल्या विमानाला धावपट्टी ओलांडून पूर्वेला जावे लागते आणि उलटे फिरून यावे लागते. दोन्ही टोकांना तोंड फिरवण्यातच कित्येक किलोमीटर गेले. शिवाय ओझर हे मुळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे क्षेत्र आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई विमाने तयार झाली. चाचणीची उड्डाणे चालू असली की प्रवासी विमान थांबते. ओझरच्या अलीकडे, देवळालीला, तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. तोफा चालू असताना गोळ्यांच्या वाटेतले आकाश विमानांना बंद ठेवावे लागते, हे सांगायला वैमानिक लागत नाही.

मुंबईत धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. त्या एकीवरून दिवसाला ९०० हून अधिक विमानांची ये-जा होते. विमान फलाटावरून निघाले की उडाले असे तिथे होत नाही; पंधरा-वीस मिनिटे सरकण्यात आणि रांगेत जातात. विमान कंपन्या वेळापत्रकात जो वेळ छापतात तो म्हणूनच फलाट ते फलाट असा असतो, चाके सुटल्यापासून टेकेपर्यंतचा नव्हे. १९ मिनिटांचे असे पाऊण-एक तासाचे होतात. मग दादरच्या माणसाचा पूर्ण हिशेब मांडा. घरून विमानतळ चाळीस मिनिटे, उड्डाणाआधी एक तास, फलाट ते फलाट पन्नास मिनिटे, बाहेर पडायला पंधरा मिनिटे, ओझरहून नाशिक शहरात वीस किलोमीटर म्हणजे आणखी चाळीस मिनिटे. झाले जवळजवळ साडेतीन तास, आणि यात १९ मिनिटांना काय किंमत राहिली? फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली शिर्डीची वंदे भारत दादरहून नाशिक रोडला सुमारे अडीच तासांत पोचते. पंचवटी एक्स्प्रेसने जाणाऱ्याला आणखी तासभर लागेल, पण तो निम्मा प्रवास झोपेत करतो.

शहापूरकराची गंमत तर वेगळीच. त्याला विमानाने नाशिक गाठायचे तर आधी नाशिककडे पाठ करून भिवंडी-ठाण्याच्या कोंडीतून मुंबईला जायचे, तिथे रांगा लावायच्या आणि मग स्वतःच्या घराजवळून हवेतून उलटे यायचे. शहापुरात महामार्गावर उभे राहून नाशिकची एसटी पकडली, तर तेवढ्या वेळात तो पोचून चहा पिऊन परतीला लागलेला असेल.

हे सगळे खुद्द उडान योजनेला माहीत होते, हा माझा सर्वांत मोठा पुरावा आहे. योजनेच्या मूळ तक्त्यात १५१ ते १७५ किलोमीटरच्या टप्प्याला कमाल भाडे १,४२० रुपये होते. मुंबई–ओझर याच खणात बसते. ५०० किलोमीटरला २,५०० आणि ८०० किलोमीटरला ३,५००. आता भाडे अंतराच्या प्रमाणात असते तर १५८ किलोमीटरला आठशे रुपयेही झाले नसते. तक्त्यातले आकडे आलेखावर मांडा. किलोमीटरमागे साधारण सव्वातीन रुपये वाढतात, आणि ती रेषा मागे नेत शून्य किलोमीटरपर्यंत आणली तर ती शून्यावर टेकत नाही. नऊशे रुपयांच्या आसपास थांबते. म्हणजे विमानात बसायचे, कुठेही जायचे नाही आणि उतरायचे, याचे भाडे नऊशे रुपये! जाहिरातीतले समीकरण तासाचे आणि पाचशेचे राहिले, पण तक्ता करणाऱ्या अधिकाऱ्याने स्थिर खर्च चोख धरला होता. या दराने शहापूर–मुरबाड तिकीट पावणेदहाशे रुपये पडेल. दोन्ही गावांत एसटीचे आगार आहे. तिथल्या वाहकाला हा दर सांगून पाहावा.

आणि एवढे भाडे घेऊनही भागत नाही. छोट्या टप्प्यात इंधनाचा मोठा वाटा चढण्यातच जळतो, उतरण्याचे शुल्क टप्पा पाहत नाही, आणि दिवसभरात विमान हवेत कमी व जमिनीवर जास्त राहते. म्हणून सरकारने या मार्गांवरची तूट तीन वर्षे भरून देण्याची तरतूद केली. २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनने १९ आसनांच्या बीचक्राफ्ट विमानांनी मुंबई–जळगाव सेवा सुरू केली, पाठोपाठ नाशिकही जोडले. विमान चांगले होते, भाडे परवडणारे होते, उद्घाटनाला गर्दी होती. पण मुंबईच्या धावपट्टीवर १९ जणांचे विमान आणि १८० जणांचे विमान सारखीच एक वेळ खाते. उलट मोठ्या विमानामागून छोटे आले तर हवेतल्या भोवऱ्यांमुळे त्याला जास्तच अंतर सोडावे लागते. अशा ठिकाणी छोट्याला सोयीची वेळ कोण देणार? सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगी वेळ नसेल तर नाशिकचा उद्योजक विमानाने का जाईल? सेवा फार टिकली नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, कंपनीचेच काम थांबले.

'मग ओझरचा विमानतळ ओस पडला असेल', असे कोणी म्हणेल. तसेही नाही, आणि इथे पूर्वपक्षाची खरी पंचाईत होते. २०१४ मध्ये बांधून झालेली तिथली प्रवासी इमारत कित्येक वर्षे रिकामीच होती. ती गजबजली दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद या विमानांनी. जवळच्या मुंबईने तिला जगवले नाही, लांबच्या शहरांनी जगवले. अंतर कमी तितका विमानाचा उपयोग जास्त, या सिद्धान्ताच्या हे बरोबर उलट आहे. नांदेड–हैदराबाद हा मार्ग एप्रिल २०१७ मध्ये उडानच्या अगदी पहिल्या फेरीत आला. नांदेडहून मुंबईला रेल्वेने रात्र जाते. कोल्हापूरचेही तसेच. अशा ठिकाणी विमानतळ मागणे रास्त आहे. त्याला माझा विरोध नाही.

आता एक चतुर आक्षेप. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी विमानसेवा १९६७ पासून चालू आहे. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात वेळ दोन मिनिटे, वारा साथीला असेल तर एका मिनिटाच्या आतही पोचल्याची नोंद आहे. जगातली सर्वांत आखूड नियमित विमानसेवा ती हीच. २३ किलोमीटरची थट्टा करणाऱ्याने २.७ किलोमीटरचे काय ते सांगावे!

सांगतो. तिथे विमान आठ-नऊ आसनांचे, काही शे फुटांवरून जाणारे, धावपट्टी मोकळी, आकाश रिकामे आणि टर्मिनल म्हणजे एक लहान खोली. दुसरा, स्थिर भाग तिथे जवळजवळ शून्यावर आणला आहे. आणि मधे समुद्र आहे, थंड आणि खवळणारा. अंतराने तिथले विमान चालवलेले नाही, अडथळ्याने चालवले आहे. शहापूर आणि मुरबाडच्या मधे भातसा आणि काळू या दोन नद्या आहेत, आणि दोहोंवर पूल आहेत. पापा वेस्ट्रेचा दाखला माझ्याच बाजूचा ठरतो: दोन गावांत किती किलोमीटर आहेत ते गौण, मधे काय आहे आणि दोन्ही टोकांना काय आहे ते मुख्य. फ्रान्सने तर या विचाराला कायद्याचे रूप दिले. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नांत, लियाँ आणि बोर्दो इथे रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येते, म्हणून तिकडची विमाने २०२३ मध्ये बंद केली. कायद्याची कसोटी किलोमीटरची नाही, रेल्वेच्या तासांची आहे.

हवाई अंतर हेच खरे अंतर, हे मत आपल्या मुलखात तरी नवखे आहे. मुरबाडच्या वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून जुन्नरला जाणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल तिथून वर जाई. घाटमाथ्याच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, भारतीय संख्याचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते, आणि बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. (लेखातले आकडे यज्ञांत दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे आणि नाण्यांचे; किती कोस चाललो ते कोणी कोरले नाही.) ज्यांनी ही वाट निवडली त्यांनी सरळ रेषा शोधली नाही. लादलेले जनावर जिथून चढेल ती खिंड शोधली.

इंग्रजांच्या इंजिनीअरांनीही तेच केले. रेल्वे कसाऱ्याला १८६१ च्या जानेवारीत पोचली, पण पुढच्या इगतपुरीला पोचायला १८६५ उजाडले. कसारा ते इगतपुरी सरळ रेषेत अकरा किलोमीटरही नाही. रुळांवर ते सोळा होते, आणि चढ ३७ फुटांना एक फूट. त्या सोळा किलोमीटरसाठी गाडीला चार वर्षे थांबावे लागले. मुंबईहून कसाऱ्यापर्यंतचे १२० किलोमीटर सुमारे दहा वर्षांत झाले होते. आजही चढाला मागून जास्तीची इंजिने लावतात. किलोमीटर सगळे सारखे नसतात, हे कसाऱ्याच्या कोणत्याही रेल्वे कामगाराला ठाऊक आहे.

मग घाट सरळ कधी झाला? जमिनीतून गेल्यावर. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसारा घाटाखालून त्याचे पावणेआठ किलोमीटरच्या आसपास लांबीचे जुळे बोगदे जातात. शहापूर तालुक्यात खुटघरला त्यावर चढायची-उतरायची सोय आहे. नाशिक पट्टा आणि शहापूर यांतला वेळ खरोखर कमी झाला तो या कामाने. त्याची किंमतही लोकांनी मोजली आहे: ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास सरळांब्याजवळ पुलाचे तुळईयंत्र कोसळून २० जण दगावले. विमानतळाच्या उद्घाटनांची छायाचित्रे सगळ्यांना आठवतात, सरळांब्याचे नाव शहापूरबाहेर किती जणांना आठवते कोण जाणे.

मुरबाडच्या वाट्याला बोगदा नाही आणि रूळही नाहीत. कल्याण–मुरबाड–अहिल्यानगर रेल्वेची मागणी काही पिढ्यांची आहे. मंजुऱ्या मिळाल्या, मोजण्या झाल्या, गाडी आलेली नाही. भिस्त सगळी कल्याण–माळशेज रस्त्यावर. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरड आली की पूर्वेचे तोंड बंद. शहापूर–मुरबाड रस्ता आता कर्जत-खोपोलीपर्यंतच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे, पण त्या रस्त्यापासून आत असलेल्या पाड्यांवर अजून झोळी करून आजाऱ्याला डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. पाड्यापासून डांबरापर्यंतचे ते तीन किलोमीटर कोणत्या भागाकारात बसवायचे?

आणि तरीही या पट्ट्यात जमिनीचे भाव चढतात ते विमानतळाच्या नावाने. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, २५ डिसेंबरपासून विमाने सुटू लागली. तिथपासून मुरबाड सरळ रेषेत ४४-४५ किलोमीटर. आता फलक लावणारा ४५ ला ६० ने भागून मोकळा होतो आणि 'एअरपोर्टपासून फक्त ४५ मिनिटे' असे रंगवतो. मधे कल्याण आहे, शिळफाटा आहे, तळोजा आहे. शिळफाट्यावर संध्याकाळी सात वाजता उभे राहिलेल्या माणसाला सरळ रेषेचे भूमितीतले महत्त्व पटवून देण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

जवळ धावपट्टी असली की तालुक्याचे भले होते, या समजुतीलाही ठाणे जिल्ह्यातच उत्तर आहे. कल्याणजवळ हाजीमलंगच्या रस्त्यावर नेवाळी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने तिथे शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन विमानांसाठी धावपट्टी केली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन परत आली नाही. नवी मुंबई विमानतळाच्या पर्यावरण मंजुरीचा वाद चालू असताना पर्यायी जागा म्हणून कल्याणचे नाव पुढे आले होते, ते तसेच मागे पडले. नवी मुंबईची जागा नेवाळीपासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आत. दोन्हीकडे विमाने उतरू लागली असती तर उतरण्याच्या वाटा एकमेकींत अडकल्या असत्या. २२ जून २०१७ रोजी नेवाळीच्या त्या जमिनीवरच्या नौदलाच्या कुंपणावरून शेतकरी रस्त्यावर आले, वाहने जळाली, गोळीबार झाला. पाऊणशे वर्षांत त्या धावपट्टीने परिसराला दिलेली सर्वांत मोठी घटना ती.

तेव्हा ज्यांना या दोन तालुक्यांसाठी काही मागायचे आहे त्यांनी विमानतळ मागू नये, कल्याण–कसारा तिसरी मार्गिका मागावी, मुरबाडची रेल्वे मागावी, शेवटची लोकल गेल्यावर शहापूरजवळच्या आसनगाव स्थानकाहून मुरबाडकडे सुटणारी एसटी मागावी. आणि ज्यांना इथे प्लॉट घ्यायचा आहे त्यांना एकच सांगणे: फलकावरची मिनिटे लेखी मागा, आणि त्यापुढे कोणत्या दारापासून, कोणत्या वारी, किती वाजता निघून, हे तिन्ही विक्रेत्याच्या हाताने लिहून घ्या.